वाटूरच्या पुढं लागणारा लाल दिवा

लारीतला तो लाल दिवा मी पहिल्यांदा पाह्यला तव्हा मला सातवा महिना सरून आठवा लागल्ता. त्याच्या आधी दोन-अडीच महिने आमच्या घरात निस्तं त्या दिव्याचंच बोलणं.

आमचे हे परतूरच्या एका सेठची लारी चालवायचे. रझाकार जाऊन चार-पाच वर्सं झाली असतील. सेठचा माल रेल्वेनं परतूरला उतरायचा. तेलाचे डबे, मीठ, गुळाच्या भेल्या. तो लारीत भरून जालन्यावरून भोकरदनकडं, पार धावड्यापर्यंत न्यायचा अन् येताना मिरचीची पोती भरून आणायची. महिन्यातून दोन खेपा. बाकीच्या दिवसांत स्टेशनावरून गोदामात, न्हाई तर जवळच्या गावाला.

गोदामाच्या मागं सेठनं आम्हाला एक खोली दिल्ती. खोली म्हंजी तीन भिंती गोदामाच्या अन् एक आमची. पन डोक्यावर पत्रा व्हता. त्याच्या आधी आम्ही रेल्वेच्या पलीकडं पालात राह्यलो. माझं पहिलं लेकरू त्या पालातच झालं. झड लागली, सात दिवस खालून-वरून वल. लेकरू तापलं अन् गेलं. दीड महिन्याचं व्हतं. म्हणून मला त्या पत्र्याचं लई व्हतं. गाडी ह्यांच्या हातात तवरच खोली आमची, हे मला कोणी समजून सांगायची गरज नव्हती.

शिमगा झाला, ऊन तापलं, अन् धावड्याच्या खेपेला दिवा लागायला लागला. लांबच्या खेपेलाच. वाटूर गेलं की चार-पाच मैलांवर लागायचा. मंग हे गाडी उभी करायचे, मशीनीवरचा टप उघडायचे, पाहायचे. काहीच दिसायचं न्हाई. गाडी गार करून पुन्हा चालू केली की दिवा गेलेला. जालन्याच्या पुढं पुन्हा लागायचा. एका खेपेला दिवा लागलेला असताना हे तसेच रेटत गेले, तर पानी उकळून झाकणातून फवारा उडाला. दुसऱ्या खेपेला दोन ठिकाणी इतका येळ बसावं लागलं की गुळाच्या भेल्या पाघळल्या अन् मिठाची पोती चिकट झाली. त्या गावच्या दुकानदारानं माल तसाच माघारी धाडला.

बाजारात एक मिस्तरी व्हता, त्याच्याकडं गाडी दाखवली. त्यानं आधी बॅटरी बदलली. मंग डायनाम्यातले कार्बन बदलले. मंग पट्टा कसला. दर बारीला तो लारी घेऊन स्टेशनाला एक चक्कर मारायचा अन् दिवा काही लागायचा न्हाई.

"उस्ताद," मिस्तरी ह्यांना म्हणला, "तुमची बत्ती लाजाळू हाय. मला पाहून पदर घेती."

लोक हसले. हे बी हसले, पन घरी येऊन जेवले न्हाईत.

शेजारणी म्हणल्या, गाडीला नजर लागली. मी बिब्बा ववून बांधला, लिंबू उतरून टाकलं. दिवा काही ऐकंना.

मंग एक दिवस दुपारी सेठ गोदामात बोलू राह्यला. भिंत एकच, मला सगळं ऐकू आलं. सेठची पिढी-दोन पिढी परतुरातच गेली, मराठी बराबर बोलायचा, पन राग आला की हिंदीवर जायचा.

"मिस्तरी को नहीं दिखती, मेरे को नहीं दिखती. तेरे को ही कैसी दिखती रे? वाटूरच्या पुढं कोन राह्यतंय तुझं?"

"सेठजी, आईच्यान खरं सांगतो."

"आई को बीच में मत ला. मला माल येळेवर पाह्यजे. ह्या बारीला गाडी रस्त्यात खडी राह्यली, तर चावी इथं गादीवर आणून ठेवायची. अन् खोलीचं कुलूप बी. नवा ड्रायव्हर राहील तिथं."

हे "जी" म्हणले. दुसरं काय म्हणतील.

मी पीठ मळू राह्यले व्हते. मळतच राह्यले. संध्याकाळी ह्यांना भाकर वाढली अन् मंग इचारलं, "अहो, तो दिवा लागतो म्हंजी व्हतं काय? मला समजंल असं सांगा."

ह्यांनी ताटातल्या कोरड्यासात बोट बुडवलं अन् ताटाच्या काठावर काढून दाखवलं. "हे बघ. हे मशीन. मशीनीच्या तोंडाला पंखा. पंख्याच्या मागं एक पट्टा. त्याच पट्ट्यावर डायनामा फिरतो. डायनामा फिरला की बॅटरीत करंट भरतो. न्हाई भरला की लाल दिवा लागतो. म्हंजी गाडी सांगती, माझी कमाई बंद झाली, मी आता साठवलेलं खाऊ राह्यले."

"अन् पानी कामून उकळतं?"

"तेच तर कळंना. मिस्तरी म्हणतो त्याचा अन् दिव्याचा काही संबंध न्हाई."

माझं माहेर धावडा. आईचा निरोप आल्ता की पहिलं तिकडं गेलं, ह्या बारीला बाळंतपण इकडं करू. बैलगाडीनं इतक्या लांब माझ्यानं बसवलं नसतं. हे सेठला इचारायला गेले. मला वाटलं, आधीच चिडलेला माणूस, न्हाईच म्हणंल. पन सेठ म्हणला, "घेऊन जा. बायको संग हाय तर वाटंत कुठं थांबणार न्हाईस." असं टोचून का होईना, व्हय म्हणला.

झुंजुमुंजु झाल्यावर आम्ही निघालो. मागं तेलाचे डबे अन् गूळ. मी ह्यांच्या शेजारी, पोटाखाली वाकळ घेऊन. रस्ता सगळा खडीचा. गाडी आदळली की मी दोन्ही हातांनी पोट उचलून धरायची.

ह्यांनी मला दिवा दाखवला. इस्टेरिंगच्या मागं, गुंजंएवढा. तव्हा विझलेला व्हता.

"तू ह्याच्याकडं बघ," हे म्हणले. "मी रस्त्याकडं बघतो. दोन्हीकडं बघून माझे डोळे फुटायची पाळी आली."

"लागला तर काय करू?"

"सांग. निस्तं सांग. वरडू नको."

वाटूरला फाट्यावर हीर हाय. तिथं ह्यांनी गाडी थांबवली अन् छागल भरून घेतली. छागल म्हंजी जाड कापडाची पान्याची पिशवी. उन्हाळ्यात लांबच्या वाटंला सगळे ड्रायव्हर गाडीच्या तोंडाला बांधायचे. वारा लागला की पानी गार राह्यतं, अन् गाडीला पानी लागलं तर त्यातलंच घालायचं. ह्यांची जुनी छागल शिमग्याला फाटली, तव्हा मी एक नवी शिवून दिल्ती. फाटक्या ताडपत्रीचा तुकडा दुहेरी केला, दाभणानं टाके घातले. ह्यांनी ती पार तोंडापर्यंत भरली, वरून दोन तांबे पानी वतलं, अन् गाडीच्या जाळीला बांधली.

"इतकं कशाला भिजवता?" मी म्हणलं.

"आज उकळली तर पानी हाताशी पाह्यजे. आज थांबायचं न्हाई आपल्याला."

निघालो. मी दिव्याकडं बघू राह्यले. डोळ्याची पापणी न्हाई लवू दिली. तीन-चार मैल गेले असतील. आधी कसलातरी बारीक आवाज आला, किर्र किर्र. मला वाटलं, बाहेर टिटवी वरडली. अन् दिवा लागला. आधी मिचमिचला, मंग बराबर लाल झाला.

"लागला," मी म्हणलं.

ह्यांच्या कपाळावर एकदम घाम. दात खाऊन एक-दीड मैल तशीच चालवली. मंग पानी किती तापलं ते दावणाऱ्या काट्याकडं पाह्यलं अन् गाडी बाजूला घेतली. उतरले, छागल सोडून चाकापाशी ठेवली, टप उघडला. मी बी उतरले. आतमधी सगळं कोरडं ठाक, तापलेलं. ह्यांनी पट्ट्याला बोट लावून पाह्यलं, डायनामा पाह्यला, तारा हलवून पाह्यल्या.

"काही न्हाई. बघ, काहीच न्हाई!" ह्यांचा आवाज रडकुंडीला आल्ता. एवढा बाप्या माणूस. मी दुसरीकडं तोंड केलं.

जरा दम खाल्ला. छागलीतलं अर्धं पानी गाडीत घातलं, आम्ही दोघांनी पिलं, राह्यलेली पुन्हा जाळीला बांधली. गाडी चालू केली. दिवा गेला. जालन्यापर्यंत लागला न्हाई. माझे डोळे आगीवानी जळू राह्यले व्हते, पन मी बघायचं सोडलं न्हाई.

जालन्याच्या बाहेर ह्यांनी पुन्हा छागल भरली, पुन्हा तांब्यानं भिजवली. अन् मैल-दोन मैल झाले न्हाईत, तर तो किर्र किर्र आवाज. अन् दिवा.

ह्या बारीला मी "लागला" म्हणलं न्हाई. मी आवाज ऐकू राह्यले. मला तो आवाज ठाव व्हता. कुठला, ते सापडंना. मंग एकदम सापडलं.

परतूरच्या जिनात मी चार हंगाम कापूस वडायला गेलते. तिथं मोठाले चामड्याचे पट्टे राह्यचे, वरच्या चाकावरून खालच्या चाकावर. अवकाळी पाऊस आला की पत्र्यातून त्या पट्ट्यावर गळायचं. वला पट्टा चाकावर घसरायचा, असाच किरकिरायचा, अन् चाक जाग्यावर उभं. मंग फिटर यायचा, शिव्या द्यायचा, पट्ट्यावर राळेची भुकटी टाकायचा. आम्हा बायांना तेवढीच टेकायला सवड.

"अहो," मी म्हणलं, "तुमचा पट्टा वला झालाय."

"काय?"

"पट्टा. पंख्याचा. वला हाय म्हणून घसरतो, मंग डायनामा बी फिरंना अन् पंखा बी, म्हणून पानी उकळतं. तो वरडू राह्यला, ऐका."

"वैशाखाच्या उन्हात वला? डोकं फिरलं का तुझं?"

"तुमची छागल गळती. पंखा ते पानी आत वडून घेतो. वाटूरला भरली अन् दिवा लागला. अर्धी झाली, दिवा गेला. आत्ता भरली, पुन्हा लागला."

ह्यांनी कान देऊन ऐकलं. गाडी थांबवली. उतरून आधी छागल सोडायला गेले, रोजच्या सवयीनं. मी आतूनच वरडले, "तिला हात लावू नका! आधी टप उघडा!"

सगळं तिथंच व्हतं. दर बारीला हे आधी छागल सोडून खाली ठेवायचे, मंग टप उघडायचे. तापलेल्या मशीनीवर ते चार थेंब किती येळ टिकणार? अन् मिस्तरी स्टेशनापर्यंत चक्कर मारायचा, तिथं छागल कशाला लागती? नाक्या-नाक्यावर पानी. छागल लागती ती फक्त धावड्याच्या वाटंला.

ह्यांनी टप उघडला. पट्टा वला व्हता. चकचक करू राह्यला व्हता. छागलीच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब टपकायचा, जाळीतून आत जायचा, बराबर पंख्याच्या मागं.

तो कोपरा मी शिवल्ता. तिथं ताडपत्री दुमडून जाड झाल्ती, दाभण जाईना, म्हणून मी टाके लांब-लांब घातल्ते. छागल पार भरली की वजनानं तेच टाके उघडायचे, अर्धी झाली की गळायचं थांबायचं. अन् दोरी बी माझ्याकडून आखूड झाल्ती. जुनी छागल खाली बंपरवर लोंबायची. माझी खाली पुरंना, म्हणून हे तिला वर जाळीलाच आवळून बांधायचे, पंख्याच्या बराबर समोर. दिवा लागायला लागल्यापासून तर हे तिला जास्तीच भरायचे, जास्तीच भिजवायचे. जितकी काळजी, तितका पट्टा वला.

मी खाली उतरून दगडावर बसले. पोटात लेकरू ढुशा देऊ राह्यलं व्हतं. मी म्हणलं, "माझ्यामुळं झालं."

ह्यांनी ऐकलं का न्हाई, कोण जाणे. ते डोक्याचा पटका सोडून पट्टा पुसू राह्यले व्हते. पुसला, छागल माझ्या बाजूच्या दाराला बाहेरून बांधली, अन् गाडी चालवली. दिवा न्हाई. मैल झाला, दोन मैल, तीन. दिवा न्हाई.

मंग ह्यांनी पुन्हा गाडी उभी केली.

"आता काय?" मी म्हणलं.

"पुन्हा पुढं बांधून बघतो."

"कामून? चांगली चालली की!"

"न्हाई. मला पक्कं कळू दे. दोन महिने झाले, सगळं परतूर मला येडं समजू राह्यलं."

पुढं बांधली. आवाज आला, दिवा लागला. पुसून दाराला बांधली, दिवा गेला. असं दोनदा केलं. मंग ह्यांनी इस्टेरिंगवर डोकं ठेवलं अन् खांदे हलायला लागले. मला वाटलं रडू राह्यले. हसू राह्यले व्हते.

भोकरदनला जेवायला थांबलो तरी दिवस ढळायच्या आत धावड्याला पोचलो. एक डबा सांडला न्हाई, गूळ जशाचा तसा. आईनं भाकरतुकडा ववाळून टाकला. गाडीवरून बी टाकला.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी हे वट्यावर बसले. तोंड पुन्हा उतरलेलं.

"सेठला काय सांगू?"

हे खरंच अवघड व्हतं. मिस्तरीनं काय काय बदललं, गूळ पाघळला, माल माघारी आला, हे सगळं आमच्या छागलीपायी. सेठला कळलं तर म्हणंल, तुझीच चूक, निघ. न्हाई सांगावं, तर सेठ दिव्याचं इचारणारच.

"सांगा की बायकोनं शिवली," मी म्हणलं. "म्हणावं, येडी हाय, तिला अक्कल न्हाई."

"अन् बांधली कोणी? मीच ना."

"मंग काहीच नका सांगू. दिवा आपोआप गेला म्हणा."

"दोन महिने लबाड म्हणून घेतलं, तव्हा मी खरं बोलू राह्यलो व्हतो," हे म्हणले. "आता खरं सापडलं तर लबाड बोलू?"

ह्यांचा स्वभाव मला ठाव व्हता. मनात म्हणलं, गेला पत्रा.

पंधरा दिवसांनी खेप यायला पाह्यजे व्हती. त्या दिवशी मी सकाळधरून रस्त्याच्या कडंच्या लिंबाखाली बसले. लारी आली न्हाई. दुसऱ्या दिवशी आली न्हाई. तिसऱ्या दिवशी आई म्हणली, "पोरी, अशी उन्हात बसून काय व्हणार? आत ये." मी म्हणलं, "बसते." आईनं पान्याचा तांब्या आणून ठेवला अन् गेली. मी मनात सामान मोजू राह्यले. दोन पातेली, एक तवा, वाकळ, पत्र्याची पेटी. तेवढं घेऊन पुन्हा पालात किती दिवस काढता येतील, अन् लेकरू किती दिवसांचं झाल्यावर झड लागंल.

पाचव्या दिवशी लारी आली. लांबून धूळ दिसली. मला निस्तं हे पाहायचं व्हतं की आत कोण बसलंय. ऊन काचंवर, काही दिसंना. अगदी जवळ आली तव्हा पटका दिसला. ह्यांचाच.

मी उठून उभी राह्यले. हे उतरले, हात-पाय धुतले. मी आधी ताट घेतलं. जेवायला वाढलं. अर्धी भाकर पोटात गेल्यावर हे आपणहून बोलले.

"मालगाडीतली तेलाची वाघीण उशिरा आली, म्हणून खोळंबलो."

"अन् सेठ?"

"सांगितलं सगळं."

"मंग?"

"मंग म्हणला, बांधून दाखव. मी छागल जाळीला बांधली, भिजवली. सेठ स्वोता माझ्या शेजारी बसला. स्टेशनाला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरंला दिवा लागला. अन् हा माणूस लहान लेकरावानी टाळ्या वाजवू राह्यला! लगीच मिस्तरीला बोलवून आणलं. म्हणला, देखो मिस्तरी, बत्ती शरमाती नहीं, तेरे कू देखना नहीं आता."

"चावी?" मी म्हणलं. मला बाकी काही ऐकायचंच नव्हतं.

ह्यांनी करदोड्याला बांधलेली चावी काढून दाखवली. मंग मी बी घास घेतला.

पन ह्यांचं मन भरलं न्हाई. ताट सारून म्हणले, "एक गोष्ट हाय. सेठ सगळ्या बाजारात सांगत फिरू राह्यलाय की हे त्यानंच शोधून काढलं. तुझं नाव न्हाई, माझं बी न्हाई. मी मधी बोलायला गेलो तर म्हणला, तू चूप, तू तर बांधणारा."

"सांगू द्या," मी म्हणलं.

"कसं सांगू द्या? तू त्या उन्हात, असल्या पोटानं..."

"सांगू द्या म्हणलं ना. त्यानं शोधलं तर त्याची गाडी चांगली, अन् त्याची गाडी चांगली तर तुम्ही चांगले. आपण शोधलं म्हणलं की पुन्हा चूक कोणाची ते निघंल."

ह्यांनी ताट पुन्हा पुढं वढलं. मंग उरलेली भाकर खाल्ली.

लेक झाली. सव्वा महिन्यानं तिला घेऊन मी त्याच लारीत परतूरला आले. झड दोन दिवस आधी लागल्ती. खोलीत एका कोपऱ्यात गळत व्हतं, तिथं पातेलं ठेवलं अन् लेकीला कोरड्या कोपऱ्यात निजवलं. तिसऱ्या दिवसापासून गोदामात मिरच्या निवडायला लागले.

तिथंच एकदा सेठकडं बाहेरगावचा कोणी यापारी आल्ता. सेठ गादीवर बसून त्याला सांगू राह्यला, "बडे बडे मिस्तरी हार गये. मैंने आवाज सुना और बोल दिया, पट्टा गीला है." आमचे हे दारात चावी हातात घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी खाली मान घालून मिरचीचे देठ खुडू राह्यले.

सेठचं माझ्याकडं ध्यान गेलं. "क्यों बाई, बराबर हाय ना? तुझ्या माणसाला बी समजावून सांग जरा. गाडीचा आवाज ऐकायला शिक म्हणावं."

"हाव जी," मी म्हणलं. "सांगते."